शिल्लक ताकदीचा हिशेब

केसपेपरवर नाव, गाव आणि वय लिहून झाले की रुग्णाची ओळख पटली, असे आपल्या दवाखान्यांत धरून चालतात. तिशीतल्या माणसाच्या बाबतीत त्याने फारसे बिघडत नाही. साठीनंतर मात्र वयाच्या आकड्यातून कळणारी माहिती कमी कमी होत जाते. बहात्तर वर्षांचे दोघे एकाच बाकावर बसलेले असतात. एक सायकल मारत आलेला, दुसऱ्याला नातवाने काखेत हात घालून आणलेले. दोघांचा रक्तदाब सारखा, साखर सारखी, चिठ्ठीवरच्या गोळ्याही सारख्याच. यातला कोण येत्या उन्हाळ्यात चक्कर येऊन पडेल, कोण साध्या न्यूमोनियानंतर अंथरुणातून पुन्हा उठणार नाही, हे त्या कागदावर कुठेच नसते. सेवाग्रामच्या रुग्णालयाला ज्यांचे नाव आहे त्या कस्तुरबा आणि गांधीजी या दोघांचेही जन्मवर्ष १८६९. हृदयविकार आणि छातीचे जुने दुखणे यांनी खचलेल्या कस्तुरबा आगाखान पॅलेसच्या बंदिवासात फेब्रुवारी १९४४ मध्ये गेल्या. त्यानंतर तीन वर्षांनी, सत्याहत्तर पूर्ण झालेले गांधीजी नोआखालीत गावोगाव पायी फिरत होते. या विषयाची ओळख करून देताना माझे म्हणणे एवढेच आहे की वृद्ध रुग्णाचा धोका त्याच्या वयात किंवा आजारांच्या यादीत शोधू नये, अंगात उरलेल्या ताकदीत शोधावा. ही ताकद खेड्यातल्या उपकेंद्रातही मोजता येते. मात्र मोजल्यावर त्या माणसाच्या उपचारात काही बदलणार असेल तरच मोजण्यात अर्थ आहे, आणि ही शेवटची अट बहुतेक वेळा विसरली जाते.

वैद्यकशास्त्रात ज्याला ‘फ्रेल्टी’ म्हणतात त्याला मी येथे क्षीणता म्हणणार आहे. तिला एखादा आजार म्हणता येत नाही, आणि अपंगत्वही म्हणता येत नाही. स्नायू, हृदय, मूत्रपिंड, मेंदू या प्रत्येकाजवळ रोजच्या गरजेपेक्षा कितीतरी जास्त क्षमता असते. वयाबरोबर ती आटत जाते, आणि अनेक अवयवांची एकाच वेळी आटली की लहानसा धक्काही माणसाला सोसवत नाही. दिवाळीत शेजारशेजारच्या दोन विहिरींना पाणी सारखेच दिसते, वैशाखात एकीचा तळ उघडा पडतो; क्षीणता तपासायची म्हणजे वैशाखाची वाट न पाहता दिवाळीतच दोर सोडून पाहायचे. अमेरिकेत लिंडा फ्रीड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये यासाठी पाच खुणा ठरवल्या: वर्षभरात नकळत घटलेले वजन, सततचा थकवा, हाताची सैल पकड, मंदावलेली चाल आणि कमी झालेली हालचाल. तीन किंवा जास्त खुणा असल्या तर माणूस क्षीण, एक-दोन असल्या तर उंबरठ्यावर. पासष्टी ओलांडलेल्या ५,३१७ जणांच्या नोंदी त्यांनी तपासल्या. सात वर्षांत क्षीण गटातले ४३ टक्के वारले, एकही खूण नसलेल्यांपैकी १२ टक्के, आणि उंबरठ्यावरचे मधोमध, २३ टक्के. कॅनडात केनेथ रॉकवुड यांनी वेगळी वाट धरली. ऐकू कमी येणे, जिना न चढवणे, मधुमेह, विसराळूपणा अशा तीस-चाळीस उणिवांपैकी या माणसात किती आहेत ते मोजायचे आणि भागाकार करायचा. शिवाय २००५ मध्ये त्यांनी एक सोपी मोजपट्टीही दिली. तीत आजारी पडण्याच्या पंधरा दिवस आधी हा माणूस काय काय करत होता एवढे विचारून त्याची पायरी ठरवतात. या दोन पंथांचा वाद वीस वर्षे चालू आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरने त्यात पडण्याचे काही कारण नाही, कारण दोघांचाही अनुभव एकाच ठिकाणी येऊन मिळतो: उरलेली ताकद पुढचे सांगते. सतरा देशांतल्या, भारत धरून, सुमारे एक लाख चाळीस हजार लोकांच्या हाताची पकड मोजून २०१५ मध्ये जो अभ्यास प्रसिद्ध झाला त्यात पकड दर पाच किलोंनी कमी झाली की मृत्यूची शक्यता सोळा टक्क्यांनी वाढलेली दिसली; आणि मृत्यूचा अंदाज सांगण्यात पकड ही रक्तदाबाच्या वरच्या आकड्यापेक्षा सरस ठरली. रक्तदाब आपण प्रत्येकाचा मोजतो.

वर्धा जिल्हा हा या विषयासाठी मुद्दाम निवडावा असा आहे. २०११ च्या जनगणनेत येथली लोकसंख्या तेरा लाखांवर होती. आर्वी, आष्टी, कारंजा, सेलू, देवळी, हिंगणघाट, समुद्रपूर आणि वर्धा हे आठ तालुके कापूस, सोयाबीन आणि तुरीवर जगतात. त्या वर्षी देशात साठीपुढचे लोक ८.६ टक्के होते, महाराष्ट्रात ९.९ टक्के, आणि राज्याचा जननदर २०१९-२१ च्या कुटुंब आरोग्य पाहणीत बाईमागे १.७ वर आलेला असल्याने हे प्रमाण वाढतच जाणार. शिकलेली मुले नागपूर-पुण्याला जातात, घरी बुढा-बुढी राहतात. दुसरीकडे, जिल्ह्याच्या आकाराच्या मानाने येथे वैद्यकीय ज्ञानाची श्रीमंती आहे. डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ मध्ये सेवाग्रामला महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थान सुरू केले, १९९० मध्ये सावंगी मेघेला दुसरे महाविद्यालय आले. सेवाग्रामच्या विद्यार्थ्यांची प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते आणि घरोघरी जाते. सुगीला ज्वारी वर्गणी म्हणून घेऊन गावाला रुग्णालयाशी बांधणारी विमा योजनाही याच संस्थेने चालवली. रुग्णाला त्याच्या ओसरीवर पाहण्याची सवय ज्या जिल्ह्याला आहे, तिथे वृद्धांची पाहणी परकी वाटू नये. तरी गावात गरोदर बाईचे हिमोग्लोबिन नर्सबाईंना तोंडपाठ असते, बाळाची कोणती लस राहिली हेही ठाऊक असते. पण सहा महिन्यांत दोनदा पडलेली म्हातारी कोणत्या घरात आहे, हे कोणत्याही रजिस्टरात नसते. आई आणि मूल यांच्यासाठी आपण जी शिस्त गेल्या पन्नास वर्षांत उभी केली तिचा चौथा हिस्सादेखील घरातल्या थकलेल्या माणसापर्यंत पोहोचलेला नाही.

मोजायचे कसे, हे जरा जवळून पाहू, कारण या कामाला मोठी यंत्रे लागतात अशी समजूत आहे. हात नसलेली एक खुर्ची भिंतीला टेकवून ठेवायची, म्हणजे ती मागे सरकत नाही. आजीला तीवर बसवून दोन्ही हात छातीशी घडी करून ठेवायला सांगायचे आणि न थांबता पाच वेळा उठबस करायला लावायची. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शिकेत यासाठी चौदा सेकंदांची मर्यादा आहे, आशियाई तज्ज्ञांच्या गटाने त्याच वर्षी बारा सेकंद धरले. दोन सेकंदांवरून भांडू नये. घड्याळापेक्षा डोळे जास्त सांगतात. हात घडीतून सुटून मांडीवर जातो का? दुसऱ्या उठण्याला धाप लागते का? उभी राहिल्यावर क्षणभर डोलते का, आणि डोलल्यावर कशाला धरते? मग व्हरांड्यात गेरूने चार मीटरच्या दोन रेघा मारून रोजच्या चालीने चालायला सांगायचे. पाच सेकंदांपेक्षा जास्त लागले तर चाल सेकंदाला ०.८ मीटरच्या खाली आहे, आणि हा आकडा जगभरच्या अभ्यासांत धोक्याची रेघ म्हणून पुन्हा पुन्हा येतो. तीन शब्द सांगून दोन मिनिटांनी परत विचारायचे. कानामागून हळू बोलून पाहायचे. गेल्या वर्षभरात पडलात का, हे विचारायचे. आणि ‘नाही’ म्हटले तरी शेजारी उभ्या सुनेच्या चेहऱ्याकडे पाहायचे. शेवटी गोळ्यांची पिशवी उलटी करायला सांगायची. एका प्लॅस्टिकच्या पिशवीत तीन डॉक्टरांच्या, दोन मेडिकल स्टोअरच्या आणि एका शेजारणीच्या गोळ्या निघतात. त्यात एकच औषध दोन कंपन्यांच्या नावांनी चालू असलेले सापडणे मुळीच दुर्मीळ नाही. हे सगळे दहा-पंधरा मिनिटांत होते, आणि पकड मोजायचे यंत्र नसले तरी अडत नाही.

पहिला आक्षेप रास्त आहे आणि तो वर्ध्यातल्याच माणसाने घ्यायला हवा: या मोजपट्ट्या परक्या आहेत. फ्रीड यांच्या अभ्यासात हालचाल मोजण्यासाठी जी प्रश्नावली वापरली होती तीत गोल्फ, बोलिंग, टेनिस, हिरवळ कापणे अशा गोष्टी आहेत. कमरेला ओटी बांधून दिवसभर कापूस वेचणारी, सकाळी शेण आणि सरपण उचलणारी, दुपारी निंदायला जाणारी पासष्टीची बाई त्या यादीत बसतच नाही. यादीप्रमाणे ती एक तर बैठी ठरेल किंवा फारच धडधाकट, आणि दोन्ही निष्कर्ष चुकीचे असतील, कारण ती राबते ते ताकद आहे म्हणून की घरात दुसरे कोणी नाही म्हणून, हे यादीला कळत नाही. वजनाचेही तसेच. ज्या घरात कोणी कधी काट्यावर उभे राहिलेले नाही तिथे वर्षभरात पाच टक्के घट झाली का, हा प्रश्न हवेत जातो. तिथे बांगड्या हातातून निसटू लागल्या का, पोलके ढगळ झाले का, धोतराला एक वेढा जास्त बसतो का, असे विचारावे लागते. पकडीसाठी आशियाई गटाने पुरुषांना २८ आणि बायकांना १८ किलो ही सीमा घातली. भारतात तीच लावली तर साठीपुढचे किती तरी लोक एका फटक्यात अशक्त ठरतील. पण या आक्षेपातून मोजूच नये असे निघत नाही. मोजपट्टी आपल्या अंगाची करून घ्यावी, एवढेच निघते. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये देशभर जी मोठी पाहणी केली तीत पंचेचाळिशीपुढच्या बहात्तर हजारांवर लोकांची माहिती घेतली गेली आणि पकड, चाल, तोल यांची मोजणीही झाली. भारतीय आकडे आता हाताशी आहेत. शिवाय खेड्यात सर्वांत खात्रीचे माप म्हणजे तोच माणूस सहा महिन्यांपूर्वी कसा होता ते. गेल्या पोळ्याला बैलांमागे वेशीपर्यंत चालत गेलेला माणूस यंदा ओट्यावर बसून राहिला असेल, तर कोणत्याही देशाचा आकडा त्याहून जास्त सांगणार नाही.

दुसरा आक्षेप घरातूनच येतो. ‘म्हातारपण आहे, असंच होते.’ डॉक्टरही मनातल्या मनात तेच म्हणत असतात, फक्त ते इंग्रजीत लिहितात. त्यामागचा खरा प्रश्न असा की क्षीणतेवर इलाज नसेल तर नाव देऊन काय साधले? याचे उत्तर नव्वद वर्षे जुने आहे. १९३५ मध्ये लंडनच्या वेस्ट मिडलसेक्स रुग्णालयात डॉ. मार्जोरी वॉरन यांच्या ताब्यात शेजारच्या गरीबखान्यातले सातशेवर ‘बरे न होणारे’ वृद्ध रुग्ण आले. वर्षानुवर्षे खाटेवर पडलेली माणसे होती ती. वॉरन यांनी नवे औषध शोधले नाही. एकेकाला तपासले, कोणाचे काय बिघडले आहे ते वेगळे केले, उठवले, चालवले, चष्मा आणि कवळी दिली, आणि त्यातले पुष्कळसे लोक रुग्णालयाबाहेर पडले. १९८४ मध्ये अमेरिकेत रूबेनस्टाइन यांनी अशाच सर्वांगीण तपासणीची रीतसर चाचणी घेतली: वर्षअखेर नेहमीच्या उपचारांच्या गटातले ४८ टक्के वारले होते, तपासणीच्या वॉर्डातले २४ टक्के. एवढा फरक नंतर फारसा कोणाला मिळाला नाही, हेही सांगितले पाहिजे. २०१७ मध्ये २९ चाचण्या आणि तेरा हजारांवर रुग्ण एकत्र करून जो आढावा निघाला त्यात फायदा माफक पण ठाम दिसला: अशी तपासणी झालेले वृद्ध काही महिन्यांनी जिवंत आणि स्वतःच्या घरी असण्याची शक्यता वाढते. व्यायामाचेही असेच. सत्तर ते एकोणनव्वद वयाच्या सोळाशेवर बैठ्या लोकांपैकी निम्म्यांना अडीच वर्षे चालण्याचा आणि स्नायूंचा ठरावीक व्यायाम दिला, तेव्हा चालण्याची क्षमता गमावणाऱ्यांचे प्रमाण उरलेल्यांत ३५.५ टक्के, तर व्यायाम करणाऱ्यांत ३०.१ टक्के निघाले. पाच टक्के म्हणजे चमत्कार नव्हे. पण रक्तदाबाची किंवा कोलेस्टेरॉलची गोळी आपण याहून कमी फायद्यासाठी आयुष्यभर गिळायला लावतो आणि तिला विज्ञान म्हणतो.

मोजणीने सर्वांत जास्त बदलायला हवे ते औषधांच्या बाबतीत. क्षीण माणसाची रक्तशर्करा तरुणाइतकी खाली आणण्याचा हट्ट घातक आहे. आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनही अशा वेळी तीन महिन्यांच्या सरासरीची मर्यादा आठ टक्क्यांपर्यंत सैल करते. ग्लिमेपिराइडची गोळी सकाळी घेऊन एकादशीचा उपास करणारी अशक्त आजी दुपारी देवघरासमोर कोसळते, तेव्हा घरच्यांना ते वय वाटते आणि दवाखान्यात पोहोचेपर्यंत वेळ गेलेली असते. वर्ध्याच्या मे महिन्यात पारा पंचेचाळिसावर जातो. वृद्धाला तहान मुळात कमी लागते, लघवी वाढवणारी रक्तदाबाची गोळी चालूच असते, संडास अंगणापलीकडे असल्याने तो मुद्दाम पाणी कमी पितो; हे तिन्ही एकत्र आले की उभे राहताना रक्तदाब घसरतो, आणि खुब्याचे हाड मोडते. हाड मोडणे हा शेवट दिसतो, त्याची सुरुवात मार्चमध्ये चिठ्ठीवर झालेली असते. अशा माणसाचा रक्तदाब बसून आणि उभा करून, दोनदा मोजायला हवा आणि उन्हाळ्यापुरती मात्रा तपासायला हवी. झोपेची गोळी हा आणखी एक चोर आहे. रात्री उठणाऱ्या म्हाताऱ्याला ती देणे म्हणजे अंधारात त्याचा पाय ओढणेच. शस्त्रक्रियेचेही तसेच. अमेरिकेत ओमाहाच्या एका रुग्णालयाने शस्त्रक्रियेआधी प्रत्येकाची क्षीणता तपासून धोक्याच्या रुग्णांबाबत सर्जन आणि भूलतज्ज्ञांना पुन्हा विचार करायला लावले. त्यानंतर क्षीण रुग्णांचे महिन्याभरातले मृत्यू १२.२ टक्क्यांवरून ३.८ वर उतरले. हा आधी-नंतरचा ताळा आहे, काटेकोर चाचणी नाही, आणि त्यात काही जणांवर शस्त्रक्रिया केलीच गेली नसेल. पण न करण्याचा निर्णय विचारपूर्वक झाला असेल तर तोही उपचारच.

तिसरा आक्षेप मला सर्वांत जड वाटतो. क्षीणता म्हणजे दुसऱ्या नावाने गरिबीच आहे, मग तिला वैद्यकीय नाव देऊन आपण भुकेचा प्रश्न दवाखान्यात ढकलत नाही का? अंशतः हे खरे आहे. दात गेलेला माणूस भाकरी वरणात कुस्करून खातो. वरण पातळ होत गेले की पोट भरते आणि दंड सुकतो. वृद्धाला किलोमागे एक ग्रॅम किंवा थोडे अधिक प्रथिन रोज लागते असे पोषणतज्ज्ञ सांगतात. पन्नास किलोच्या माणसाला ते पन्नास ग्रॅम झाले, आणि शंभर ग्रॅम कोरड्या तूरडाळीत त्यातले वीस-बावीसच मिळतात. ज्या घरात तूर पिकते त्याच घरात म्हातारीच्या ताटात शेवटी उरते ती वरची निवळ. विधवा बाईचे हाल याहून वाईट. श्रावणबाळ योजनेचे पैसे महिन्याला येतात, ते बहुधा औषधात किंवा नातवाच्या फीत जातात. हे सारे कबूल करूनही मी म्हणेन की मोजणीने गरिबी झाकली जात नाही, उलट तिला पत्ता मिळतो. ‘गावात वृद्धांची उपासमार आहे’ या वाक्यावर कोणी हलत नाही. ‘या वॉर्डात अकरा माणसे खुर्चीवरून उठू शकत नाहीत आणि त्यातल्या सहांना दात नाहीत’ असे कागदावर आले की कवळीची, डाळीची, काठीची मागणी ग्रामसभेत मांडता येते. शासनाच्या वयोश्री योजनेतून काठी, चष्मा, श्रवणयंत्र मिळण्याची सोय आहे; ते कोणाला हवे हे सांगणारी यादी मात्र कोणीतरी करावी लागते.

शिक्क्याची भीतीही खोटी नाही. मार्च २०२० मध्ये करोनाच्या पहिल्या लाटेत इंग्लंडच्या सरकारी मार्गदर्शक संस्थेने अतिदक्षता विभागात कोणाला घ्यावे हे ठरवताना रॉकवुड यांची पट्टी वापरायला सांगितली. अपंग व्यक्तींच्या संघटनांनी ताबडतोब आक्षेप घेतला की आयुष्यभर चाकाच्या खुर्चीत असलेला धडधाकट तरुणही या हिशेबाने क्षीण ठरतो, आणि पाच दिवसांत संस्थेला खुलासा करून सुधारणा करावी लागली. आपल्याकडे खाटा नेहमीच कमी असतात, त्यामुळे ‘क्षीण आहे, घरी न्या’ असे म्हणायला हा आकडा सोयीचा ठरेल, ही शंका घेणाऱ्याला मी दोष देणार नाही. म्हणून एक नियम घालून घ्यावा: क्षीणतेच्या नोंदीने उपचार नाकारता येणार नाहीत, नोंद झाल्यावर काहीतरी जास्तीचे करावे लागेल, आणि काय केले ते त्याच कागदावर लिहावे लागेल. नुसता आकडा लिहून कागद पुढे सरकवणारा डॉक्टर रुग्णाचे नुकसान करतो, हे पदव्युत्तर विद्यार्थ्यांना पहिल्या दिवशी सांगावे.

उरला प्रश्न मनुष्यबळाचा. शंभर-दीडशे रुग्णांच्या रांगेत प्रत्येक वृद्धाला पंधरा मिनिटे देता येणार नाहीत. देण्याचे कारणही नाही. गावातल्या प्रत्येक साठीपुढच्या माणसाची सरसकट क्षीणता-तपासणी केल्याने लोक जास्त जगतात किंवा कमी पडतात, असा भक्कम पुरावा आजपर्यंत नाही. इंग्लंडमध्ये २०१७ पासून प्रत्येक फॅमिली डॉक्टरला पासष्टीपुढच्या क्षीण रुग्णांची नोंद ठेवावी लागते, आणि तिथेही नोंदीपुढे काय, हाच वाद आहे. पुरावा जिथे आहे तिथे जावे: रुग्णालयात दाखल झालेला वृद्ध, शस्त्रक्रियेच्या यादीतला वृद्ध, नुकताच पडलेला वृद्ध, आणि पाचवी गोळी ज्याला लिहिली जात आहे तो वृद्ध. एवढ्यांना गाठले तरी काम पुष्कळ आहे. गावपातळीवर नवा फॉर्म काढायची गरज नाही. आशाताई तिशीपुढच्या प्रत्येकाचा जो फॉर्म भरतात त्यात साठीपुढच्यांसाठी वेगळे प्रश्न आधीपासून छापलेले आहेत: उभे राहताना किंवा चालताना तोल जातो का, हालचालीला अडथळा आणणारे अपंगत्व आहे का, जेवण, कपडे, अंघोळ, संडास यांसाठी दुसऱ्याची मदत लागते का, जवळच्यांची नावे किंवा घराचा पत्ता विसरतो का. एकालाही ‘हो’ आले तर दवाखान्यात पाठवा, असे त्यावर लिहिलेले आहे. मानधनावर राबणाऱ्या आशाताईंनी आपले काम केले. पाठवलेला माणूस आरोग्य केंद्रात पोहोचल्यावर त्याला खुर्चीवरून उठवून पाहणारे, गोळ्यांची पिशवी उलटी करणारे कोणी नसेल तर ती चिठ्ठी म्हणजे एसटीच्या तिकिटाचा खर्च. वृद्धांच्या राष्ट्रीय आरोग्य कार्यक्रमात प्राथमिक केंद्रावर आठवड्यातून एक दिवस वृद्धांसाठी ओपीडी आणि जिल्हा रुग्णालयात दहा खाटांचा वॉर्ड सांगितलेला आहे. कार्यक्रम २०१०-११ चा आहे. नवे धोरण मागण्याआधी जुने वाचावे.

पुढची पाने वाचणारे बहुतेक जण वैद्यकीय अधिकारी, समुदाय आरोग्य अधिकारी, नर्सबाई आणि सेवाग्राम-सावंगीचे विद्यार्थी असतील, असे मी धरतो. त्यांना एक विनंती आहे. सगळा जिल्हा एकदम घेऊ नका. दिवाळीनंतर, कापसाची वेचणी आणि लग्नसराई यांच्यामध्ये जो मोकळा वेळ मिळतो त्यात आपल्या केंद्राखालचे एकच उपकेंद्र निवडा, आशाताईंच्या फॉर्ममधले ‘हो’ वेगळे काढा आणि त्या घरांत खुर्ची, घड्याळ आणि वजनकाटा घेऊन जा. प्रत्येकाच्या कागदावर बदललेली किंवा बंद केलेली एक तरी गोळी, आहारात वाढवलेली एक गोष्ट आणि पुन्हा भेटण्याची तारीख लिहा. ती तारीख एप्रिल उजाडण्याच्या आतली ठेवा.